शॉकअप स्वतः बदलायचे की गॅरेजात? नागपुरातल्या नवख्यांसाठी

आधी पैशाचं बोलून टाकू, कारण बहुतेकांचा पहिला हिशोब तोच असतो. घरी काम केलं तर मजुरी वाचेल, हे खरं. पण आपल्याकडे मजुरी असते किती? वाडी, हिंगणा रोड किंवा कामठी रोडवरच्या साध्या गॅरेजात पुढचे दोन शॉकअप बदलायला जेवढे घेतात, त्याहून जास्त पैसे बहुतेक वेळा एका बऱ्या टॉर्क रेंचलाच (ठरवलेल्या जोराने बोल्ट कसणारा पाना) जातात. वर जॅक, घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), गोटी म्हणजे सॉकेट सेट. पहिल्या कामात तुम्ही तोट्यातच राहणार, हे धरून चला.

मग करायचं कशाला? काम नीट झालं की नाही, हे आपल्या डोळ्यांसमोर राहतं म्हणून. नवा पार्ट किती दिवस टिकेल, हे बोल्ट किती कसला आणि कसताना गाडी कुठल्या स्थितीत होती यावर बरंच ठरतं. घाईच्या गॅरेजात नेमकं हेच सुटतं. तिथल्या पोऱ्याला संध्याकाळपर्यंत आणखी चार गाड्या काढायच्या असतात. तुम्हाला एकच काढायची असते.

तरीही सगळंच घरी करायचा हट्ट नको. मागचे शॉकअप आणि पुढची लिंक रॉड (स्ट्रटला आडव्या बारशी जोडणारी छोटी दांडी) नवख्याने खुशाल घरी बदलावी. पुढचा स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि त्यावर चढवलेली स्प्रिंग असा एकत्र जोड, घरी उतरवता येतो, पण त्यावरची स्प्रिंग गॅरेजवाल्याकडेच उघडावी. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश प्रेसवर दाबून बसवतात, ते घरचं काम नाही. आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, मशीनवरच होते. खालचं सगळं याच वाटणीला धरून आहे. ते स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन, आय-ट्वेंटी अशा साध्या गाड्यांसाठी आहे, ज्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि मागे आडव्या बीमवर स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा असतो.

आवाज कुठून येऊन राहिला?

पार्ट घ्यायच्या आधी काय गेलंय ते शोधा. ही पायरी गाळून लोक थेट चार शॉकअप मागवतात आणि आवाज मात्र तसाच राहतो.

गट्टू बसवलेल्या गल्लीतून हळू जाताना पुढून बारीक ‘टक टक’ येत असेल, तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यायचा. हा पार्ट स्वस्त असतो आणि सगळ्यात आधी तोच जातो. गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग वळवलं की वरून ‘कर्र’ होतं किंवा स्प्रिंग झटका मारते, तेव्हा स्ट्रटच्या माथ्यावरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग बघा. ब्रेक दाबताच खालून एक ‘धप्प’ आणि गाडी एका बाजूला ओढते, तर लोअर आर्मचे बुश. शॉकअप गेला असेल तर मोठ्या आवाजापेक्षा चाल बिघडते. ब्रेकर ओलांडल्यावर गाडी एकदा बसून थांबायला हवी, ती दोन-तीनदा झुलते. टायरवर हात फिरवला तर जागोजाग चट्टे लागतात. शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळून त्यावर धुळीचा चिकट थर बसलेला असतो. नुसता ओलसरपणा दिसला तर घाबरू नका. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर मात्र तो गेला.

चाक उचलून आणखी एक गोष्ट करा. वर-खाली धरून हलवलं आणि ढिलं लागलं तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा. यातला बॉल जॉइंट ढिला निघाला तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि गाडी गॅरेजात न्या. तो निखळला तर चाक आडवं होतं.

आपल्या शहराचं एक वेगळं आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, गाडी उन्हात उभी राहते, रबर कडक होतं आणि तडकतं. म्हणून इथे शॉकअपच्या आधी बुश आणि डस्ट कव्हर बोंबलतात. शॉकअप साधारण सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चालतात म्हणतात. पण सिमेंट रोडवरून डांबरी रस्त्यावर उतरताना जो रोजचा दणका बसतो, तो त्या आकड्यात धरलेला नसतो.

काय बसवायचं, काय टाळायचं

नवख्याने पहिल्यांदा कंपनीच्याच मापाचा शॉकअप घ्यावा. तो शोरूमच्या डब्यातला असो की गॅब्रिएल, मोनरोसारख्या बाहेरच्या कंपनीचा असो, लांबी आणि ताकद मूळ गाडीला जुळली पाहिजे. गाडी लोळते, वळणावर झुकते अशी तक्रार असेल तरी आधी ताजे शॉकअप टाकून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांबद्दल माझं मत पक्कं आहे: नागपुरात नको. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. त्यातून ३५-४० मिलिमीटर गेले, वर चार माणसं बसली, की पोटाखाली काय उरलं ते मोजा. रस्त्यांच्या नियमावलीतला ब्रेकर १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे लांबट, सौम्य उताराचा. आपल्या कॉलनीतला ब्रेकर मात्र रातोरात सिमेंटची गोणी ओतून बनलेला असतो, त्याला कुठली नियमावली!

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेला शॉकअप काढून त्याच मापाचा टाकणं ही दुरुस्ती झाली. गाडीची उंची बदलणं ही वेगळी गोष्ट. तसलं काही डोक्यात असेलच, तर तुमची गाडी एमएच ३१ ची असो, ४९ ची की ४० ची, आधी आपल्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

आता ते स्प्रिंगमध्ये अडकवायचे रबरी बफर. ऑनलाइन ढिगाने मिळतात, बसवायला पाच मिनिटं लागतात, आणि मागे सीएनजीचं सिलिंडर असलेल्या गाडीवाल्यांना फार आवडतात. गाडी उचलल्यासारखी वाटते, हे खरं. पण बफर अडकवला की स्प्रिंगचे ते वेटोळे हलायचेच थांबतात. उरलेल्या वेटोळ्यांवर जोर वाढतो, स्प्रिंग कडक होते आणि प्रत्येक दणका माउंटिंगवर जातो. मागची स्प्रिंग खरंच बसली असेल तर नवी स्प्रिंग टाका.

दुकानात उभं राहिल्यावर

‘दोन हजार चौदाची स्विफ्ट’ एवढ्यावर पार्ट मागू नका. आरसी सोबत न्या आणि चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढायला लावा. पेट्रोल आणि डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात, कारण डिझेलचं इंजिन जड. पुढच्या शॉकअपला डावा-उजवा असतो. मागच्याला बऱ्याच गाड्यांत नसतो. घ्यायचे ते जोडीनेच. एक नवा, एक जुना असं केलं तर ब्रेक मारताना गाडी दोन्ही बाजूंनी सारखी वागत नाही.

शॉकअपसोबत डस्ट कव्हर, बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की दणका झेलणारा ठोकळा) आणि पुढचे असतील तर माउंटिंग-बेअरिंगही घ्या. उघडल्यावर जुनं चालेल असं वाटतं आणि दोन महिन्यांनी तेच उघडायला पुन्हा मजुरी लागते. लॉकनट, म्हणजे ढिला होऊ नये म्हणून आत रबर किंवा प्लास्टिकची रिंग असलेला नट, एकदा काढला की नवाच लावायचा. दुकानदार म्हणेल, ‘‘काहून जी, जुनाच लावा ना, काही होत नाही.’’ दहा-वीस रुपयांचा नट आहे, घेऊन टाका. पक्कं बिलही घ्या. नकली मालाचा सुळसुळाट आहे आणि वॉरंटी मागायला कागद लागतो.

जागा आणि हत्यारं

सपाट, कडक फरशी हवी. फ्लॅट स्कीमचं पार्किंग चालतं, उताराचा रॅम्प चालत नाही. डांबरी रस्त्यावर करणार असाल तर उन्हाळ्यात जॅकच्या बुडाखाली जाड प्लायचा तुकडा ठेवाच. दुपारी डांबर मऊ पडतं आणि जॅकचा पाय हळूहळू आत रुततो. वरून बघणाऱ्याला कळतही नाही. मे महिन्यात तर सकाळी नऊच्या आत काम आटपा. नंतर फरशीवर पडलेला पाना उचलवत नाही.

गाडीसोबत आलेला कात्रीजॅक चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, डोकं तर अजिबातच नाही. एक ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या घ्या. विटांवर गाडी ठेवणारे आजही दिसतात. वीट न सांगता फुटते. बाकी १२, १४, १७, १९ च्या गोट्या, त्याच मापांचे रिंग पाने, चाकांसाठी मारुतीला बहुतेक १९ आणि ह्युंदाईला २१, एलन कीचा सेट, तारेचा ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे आणि टॉर्क रेंच. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानांतून फिरलात तर हातात धरून बघता येतं. मोबाईलवरच्या फोटोत पान्याचं वजन कळत नाही. टॉर्कचे आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्याच्या गाडीचे लावू नका.

मागचे शॉकअप: इथून सुरुवात करा

स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवा, दोन्ही बोल्टांवर. सकाळी गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि मागची चाकंच तर उचलायचीत, म्हणून त्याचा उपयोग नाही. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. मग गाडी उचला, कंपनीने दिलेल्या जॅक पॉइंटखाली घोड्या लावा, गाडीला बाजूने एक धक्का देऊन बघा आणि चाक काढा. काढलेलं चाक दारांखालच्या कडेखाली (सिलखाली) आडवं सरकवून ठेवा. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर बसेल.

आता जॅक बीमच्या खाली, त्या बाजूच्या टोकाला लावा आणि बीमला नुसता टेका द्या. बीम खाली किती लोंबायचा, हे आतापर्यंत शॉकअपच अडवून धरत असतो. टेका न देता बोल्ट काढला तर बीम खाली येतो आणि स्प्रिंग सुटून घरंगळते. म्हणून एका वेळी एकच बाजू.

खालचा बोल्ट आधी. तो सुटला तरी बाहेर येत नसेल तर हातोडी घेऊ नका. जॅक एक-दोन दांडे वर-खाली करा, भार निघाला की बोल्ट बोटाने सरकतो. वरचा नट काही गाड्यांत डिकीच्या आत, प्लास्टिकच्या झाकणाखाली असतो, काहींत चाकाच्या कमानीत दोन बोल्टांवर ब्रॅकेट असतं. नट फिरवला की शॉकअपचा दांडाही सोबत फिरायला लागतो. दांड्याच्या टोकाला चपटा कापा किंवा एलन कीचं भोक असतं, तिथे धरायचं आणि नट रिंग पान्याने सोडवायचा. चकाकत्या दांड्याला पकड लावायची नाही, कितीही अडलं तरी. एक बारीक ओरखडा पडला की तो प्रत्येक दणक्याला तेलाच्या सीलमधून जाऊन येतो आणि नवा शॉकअप काही महिन्यांत गळतो.

जुना आणि नवा शेजारी ठेवून लांबी, बुशचं भोक आणि वरच्या वायसरांचा क्रम बघा. जुन्याचा फोटो काढूनच सोडवा, कारण रबर आणि वायसर कुठलं वर, कुठलं खाली, हे दहा मिनिटांत डोक्यातून जातं. नवा शॉकअप उभा धरून चार-पाचदा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. आडवा पडून राहिलेला असतो, आत हवा अडकलेली असते. सुरुवातीला हाताला पोकळ लागतो, मग सगळीकडे सारखा जोर लागायला लागतो. गॅसचा असेल तर त्याला दाबून धरणारी पट्टी कापताच तो आपणच उघडतो, तोंड बाजूला ठेवा.

आधी वरचा नट लावा, मग खालचा बोल्ट हातानेच घाला. आता कसायचा नाही. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. बीम लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. आवाजही येतो आणि बुशही लवकर फाटतो. म्हणून जॅकने बीम वर उचला, त्या बाजूची बॉडी घोडीवरून जेमतेम सुटायच्या बेतात आली की थांबा, म्हणजे स्प्रिंगवर गाडीचा भार आला. याच स्थितीत टॉर्क रेंचने कसा. वरचा दांड्याचा नट इम्पॅक्ट गनने (नट झटक्यांनी फिरवणारं मशीन) कधीच मारू नका. दांडा आत गरगर फिरतो आणि सील नवंकोरं असतानाच मरतं.

दुसरी बाजू अशीच. पहिल्या बाजूला सगळी सकाळ गेली तरी हरकत नाही, दुसरीला निम्मा वेळ लागतो.

लिंक रॉड

इथे एकच गोम आहे. एकच चाक उचलून काम केलं तर आडवा बार पिळला जातो आणि नवी लिंक रॉड भोकात बसायला नकार देते. पुढची दोन्ही चाकं उचला, मागच्यांना ठोकळे लावा, काम पाच मिनिटांत होतं. बॉलचा खुंटा फिरायला लागला तर टोकाच्या भोकात एलन की घालून धरा. गंजलेला असेल आणि भोकाची धारच गेली असेल, तर ग्राइंडरवाला बोलवावा लागतो. जुनी वस्तू भंगारात जायची आहे, कापायला मन दुखवू नका.

पुढचा स्ट्रट: अर्धं काम घरी

पुढे स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते, दाबून, कित्येकशे किलोंच्या जोराने. वरच्या मधल्या नटाने तिला अडवलेलं असतं. स्प्रिंग नीट दाबून न धरता तो मधला नट काढला, तर माउंटिंग आणि स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. यात जीव गेलेले आहेत. बाजारातले दोन हुकांचे स्वस्त स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) नवख्याच्या हातात मला बघवत नाहीत. हुक वेटोळ्यावरून घसरतो तो एका बाजूने, आणि आपण नेमके त्याच बाजूला वाकलेलो असतो. गॅरेजात भिंतीवर बसवलेला मोठा कॉम्प्रेसर असेल तिथे हे काम द्या.

स्ट्रट सबंध उतरवणं मात्र जमतं. ब्रेकच्या होजची आणि एबीएसच्या वायरची क्लिप सोडवा, लिंक रॉड काढा. नकलला (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) धरणाऱ्या दोन बोल्टांभोवती पांढऱ्या मार्करने किंवा नेलपॉलिशने खूण करा, म्हणजे कॅम्बर, चाकाचा आत-बाहेरचा कल, साधारण जागेवर येईल. बोल्ट काढताना नकल तारेने बांधून ठेवा. ती होजवर लोंबकळली तर होज ताणतो, बाहेर झुकली तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निखळू शकतो. शेवटी बॉनेटखालचे माउंटिंगचे नट, बऱ्याच गाड्यांत तीन असतात. काही गाड्यांत मात्र वर मधलाच नट असतो आणि कुठला नट बॉडीचा, कुठला स्प्रिंगचा, हे वरून समजत नाही. तुमची गाडी तशी असेल आणि मॅन्युअल हाती नसेल, तर थांबा आणि पूर्ण कामच गॅरेजला द्या.

उतरवलेले दोन्ही स्ट्रट आणि नवे पार्ट घेऊन गॅरेजात गेलात की उस्ताद आधी तुमच्याकडे जरा तिरकं बघेल. बघू द्या. फक्त सांगा, ‘‘उस्ताद, मधला नट गनने नका मारू, हातानेच कसा, आन् स्प्रिंगचं टोक खाली खाचेत बसलं का ते मला दाखवा.’’ टोक खाचेत नसेल तर गाडी चालताना स्प्रिंग फिरून ‘टंग’ करते आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

पूर्ण काम गॅरेजला देताना

वेळ नसेल, जागा नसेल, हरकत नाही, पण गाडी टाकून घरी जाऊ नका. पार्ट तुम्ही आणलेले असतील तर ते तसं आधीच सांगा. काही जण बाहेरच्या पार्टवर काम करत नाहीत, काही करतात पण मजुरी वाढवून घेतात, आणि नंतर आवाज आला तर ‘‘तुमचाच पार्ट होता ना जी’’ ऐकावं लागतं. त्याचाच पार्ट, त्याचीच मजुरी, त्याचीच वॉरंटी, असा सौदा नवख्याला बहुतेक वेळा सोयीचा पडतो. जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून मग कसायला सांगा. एवढं ऐकल्यावर ‘‘काही फरक नाही पडत’’ म्हणणारा गॅरेजवाला असेल, तर दुसरा शोधा.

काम झाल्यावर

पुढचा स्ट्रट किंवा लोअर आर्म उघडला असेल तर अलाइनमेंट करावीच लागते. आधीचा आणि नंतरचा असा दोन्ही आकड्यांचा कागद मागा. मागच्या बीमला बहुतेक छोट्या गाड्यांत जुळवायला काहीच नसतं, तेव्हा ‘चारही चाकांची अलाइनमेंट’ म्हणून जास्त पैसे कोणी मागितले तर काय जुळवणार ते आधी विचारा.

पहिली चक्कर घराजवळच मारा, काच खाली करून, रेडिओ बंद. मग रिंग रोडला एक फेरी. शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट आणि तुम्ही उघडलेला प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. हे होईपर्यंत समृद्धीवर १२० ने जायचा बेत पुढे ढकला. शिर्डीला जायचं असेल तर गाडी त्याआधी एकदा उमरेड किंवा रामटेकला जाऊन येऊ द्या. जुने गॅसचे शॉकअप भंगारवाल्याला देताना आत दाब आहे हे सांगा, म्हणजे तो ते गॅसकटरने कापणार नाही.